जास्तीची मूठ

देवपूर, धुळे
२८ ऑगस्ट १९९६

प्रिय कमल,

अक्षर ओळखलंस का? नसेल तर आधी शेवटी जाऊन नाव बघ आणि मग परत इथे ये. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत तुमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, पणजीचं नाव चिकटवल्यामुळे सहाव्या वर्षीच म्हातारी वाटणारी नर्मदा पाटील, ती मीच. आडनाव बदललं, नाव काही सुटलं नाही.

तुझा पत्ता द्रौपदाबाईंनी दिला. आपल्या शाळेत घंटा द्यायच्या त्याच. लेकीकडे धुळ्याला आल्या आहेत, बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "कमल जळगावले सरकारी दवाखानामा नर्स शे. सुई अशी टोचस का समजत बी नही." मला इतका आनंद झाला की मेथीची जुडी तिथेच विसरले.

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिते आणि तास संपला की त्याच हाताने पुसते. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं.

आता पत्राचं कारण. परवाच्या रविवारी सासरी श्रावणातली कानबाई देवी बसली. धान्य मोजायचं काम या वर्षी माझ्याकडे आलं होतं. तुला आठवत असेल, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याच गव्हाचे रोट करायचे आणि ते भाऊकीनेच खाऊन संपवायचे. मी सुपात मुठी टाकत होते, तर जावेची सात वर्षांची बेबी शेजारी येऊन बसली. "काकू, मनी मूठ कोनती?" मी म्हटलं, "पोरींची मूठ नसते गं, त्या दुसऱ्या घरी जातात." बोलून गेले आणि दचकलेच. आवाज हुबेहूब आमच्या आजीचा, मोठ्या मायचा होता. अकरा वर्षांची असताना याच उत्तरावर मी बंड केलं होतं. त्या बंडाचा एकूण आकार दोन मुठी.

आठवतं ना? चौऱ्याऐंशी साल. गावच्या घराचं छप्पर उतरवलं होतं म्हणून कानबाई आमच्या क्वार्टरमध्ये आली. मोठ्या मायने सात पुरुषांचे गहू मोजले. ती पाणी प्यायला उठली आणि मी सुपात दोन मुठी जास्त टाकल्या. एक माझी, एक तुझी. मनात म्हटलं, कानबाईला कुठे मोजता येतंय. सातांच्या जागी नऊ रोट झाले, तेव्हा मोठी माय बायकांना सांगत सुटली, "कानबाईनी बरकत दिधी!" शेजारणी येऊन पिठाच्या परातीला हात जोडून गेल्या. तासभर मी चमत्कार होते. त्यानंतर आयुष्यात तो दर्जा मिळाला नाही.

मग तुला मागच्या पायरीवर रोट खाताना मोठ्या मायने पाहिलं आणि चमत्काराचा उलगडा झाला. केवढी ओरडली ती! पण कमल, रीतच तशी आहे गं. भाऊकीबाहेर कोणालाच देत नाहीत. त्यात तुझं-माझं असं काही नव्हतं.

महिनाभरात तुम्ही कॉलनी सोडून गेलात. तू निरोपसुद्धा घेतला नाहीस. मी आठ दिवस रुसून बसले होते, पण ज्याच्यावर रुसायचं ते माणूस चाळीसगावला गेलेलं. तुझे वडील, आम्हा सगळ्यांचे नाना, कसे आहेत? पत्र लिही. मला अजून हसायला आवडतं.

तुझी,
नर्मदा

*

जळगाव
१० सप्टेंबर १९९६

नर्मदा,

जयभीम. पत्र मिळालं. अक्षर पहिल्या ओळीला ओळखलं. द्रौपदाबाईंना सांग, सुई समजते. लोक घाबरून बोलत नाहीत इतकंच.

चमत्काराचं वाचून मी ड्यूटीवर एकटीच हसले आणि वॉर्डातल्या एका आजीने मला पाणी विचारलं. मला त्या दिवसाचं माझं स्वतःचं ध्यान आठवलं. नानांनी भुसावळहून आणलेला पिवळा फ्रॉक, दोन रिबिनी, त्यातल्या एकीचं फूल कानावर लोंबणारं. "दुपारी ये, तुझा रोट आहे," असं तू सांगितलंस आणि मी सकाळी नऊपासून तयार. पाटलांच्या घरी देवाच्या दिवशी जायचं म्हणजे शुद्ध बोललं पाहिजे, अशी माझी समजूत. आरशासमोर उभं राहून घोकत होते, "रोट छान झालाय हं, काकू." ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. अजून तसंच पडून आहे, कधी लागलं तर देईन.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी कमी आहेत.

एक. भाऊकीबाहेर कोणालाच देत नाहीत, असं तू लिहितेस. समोरच्या बंगल्यातल्या इंजिनिअर साहेबांचा मुलगा तुमच्या भाऊकीतला होता का? तुझ्या हाकेची वाट बघत मी आमच्या खिडकीतच बसले होते. तो आईबरोबर दर्शनाला आला. मोठ्या मायने त्याला अंगणात पाटावर बसवलं आणि "देवनं लेकरू" म्हणत स्वतःच्या हाताने रोट भरवला. तो उठल्यावर पाट कोणी धुतला नाही. मी बसले होते ती पायरी मात्र धुतली. मी तिच्यावरून उठायच्या आधीच बादली ओतली, त्यामुळे फ्रॉक मागून ओला झाला. घरी जाताना मी दोन्ही हात मागे धरून चालले. कोणाला काही वेगळंच वाटू नये म्हणून.

दोन. "ही मूठ कोणी टाकली?" असं मोठ्या मायने तुला विचारलं. त्यावर तू काय उत्तर दिलंस ते तुझ्या पत्रात नाही. विसरलीस की गाळलंस? दुखतं कुठे ते सोडून बाकी सगळं सांगणारे पेशंट मी रोज बघते, तेव्हा संकोच करू नकोस.

नाना बरे आहेत. चाळीसगावलाच असतात. रिटायर व्हायला चार वर्षं आहेत.

कमल

*

देवपूर, धुळे
२९ सप्टेंबर १९९६

प्रिय कमल,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात मी फार चांगली होते, दुसऱ्यात फार लहान होते, तिसऱ्यात सगळा दोष मोठ्या मायचा होता. ती बिचारी चार वर्षांपूर्वी गेली, उलटून बोलायला येणार नाही, म्हणून तिच्यावर ढकलणं सोपं जात होतं.

विसरले नाही. गाळलं.

तिने माझं मनगट धरलं होतं. "खरं सांग, हाई जास्तीनी मूठ कोनी टाकी?" मागे काका उभे, हातात चुलीतलं लाकूड. मारणार नव्हते बहुतेक, चुलीतली लाकडं सारत होते. पण मला ते लाकूड तेवढं दिसलं. मी म्हटलं, "कमलनी मांगा रोट. माले बी दे, अशी मांगे लागनी."

तू समोर पायरीवर होतीस. गालात घास तसाच. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, पण तो फुगलेला गाल मला दिसत होता.

मार वाचला. उलट काकूने मला जवळ घेतलं, "भोळी पोर शे, कोनी बी फसाडस." मला त्या दिवशी भोळेपणाचं सर्टिफिकेट मिळालं आणि तेवढ्यावर मी बारा वर्षं काढली. इंजिनिअर साहेबांचा मुलगा मलाही आठवत होता. तू लिहीपर्यंत मी त्याला रीतीच्या मागे उभा करून ठेवला होता. एवढी मोठी रीत, एक पोर तिच्या मागे मावलं नाही.

आज माझ्या वर्गाच्या फळ्यावर काय होतं सांगू? "नेहमी खरे बोलावे." खाली माझी सही, कारण सुविचाराखाली सही करायची असा आमच्या हेडबाईंचा नियम आहे.

कमल, मला माफ कर. अकरा वर्षांच्या होतो आपण. आता काय त्याचं?

नर्मदा

*

जळगाव
२३ ऑक्टोबर १९९६

नर्मदा,

दसऱ्याला नानांकडे जाऊन आले, म्हणून उशीर झाला. "आता काय त्याचं" असं विचारलंस. सांगते.

त्या संध्याकाळी तुझे वडील आमच्याकडे आले. ओरडले नाहीत, भला माणूस. चप्पल दाराबाहेर काढून उभ्यानेच नानांना म्हणाले, "सुपडू भाऊ, पोरीला काही खावंसं वाटलं तर आम्हाला सांगा, आम्ही पाठवू. पण देवाच्या दिवशी दारात येऊन मागायला लावू नका." लावू नका म्हणाले. म्हणजे जणू नानांनीच मला धाडलं होतं.

नानांची आई गावात टोपली घेऊन दारोदार भाकरी मागायची. ते काम आमच्या घराला नेमून दिलेलं होतं. नाना तिच्या लुगड्याला धरून मागे. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. आजीने टोपली चुलीत घातली आणि त्या जाळावर चहा केला. तेव्हापासून आमच्या घरात कायदा एकच, मागून खायचं नाही. हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी सगळं एकदम सांगितलं.

नानांनी मारलं नाही. समोर बसवून विचारलं, "पोर, तू मांगा का रोट?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मंग तुनी मैतरीण खोटं कसाले बोली?"

आता माझी अक्कल बघ. तू खोटं बोललीस हे मला माहीत होतं, मी तिथेच तर होते. पण नानांना तू आवडायचीस. त्यांनी तुला खोटारडी म्हटलं की आपलं खेळणं बंद, एवढाच हिशेब मला कळला. मी म्हटलं, "हो, मीच मागितला." स्वतःला मोठी शूर समजत होते. मैत्रिणीसाठी जीव दिला वगैरे. नाना तिथून उठले आणि दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. म्हणजे तुझ्याशी खेळता यावं म्हणून बोलले आणि तुझ्यापासून शंभर किलोमीटर लांब गेले.

नाना मला कधी टाकून बोलले नाहीत. फक्त मी बाहेरून काही खायला आणलं, की हातात घेण्याआधी विचारतात, "कोनी दिधं?" नर्सिंगला पहिली आले त्या दिवशीच्या जिलबीलाही विचारलं. परवा दसऱ्यालाही. मला वाटतं आता त्यांना ते ऐकूही येत नाही. मला येतं.

मी आता खरं सांगितलं तर त्यांना वाटेल, पोर स्वतःची बाजू सावरतेय. माझ्या तोंडून "हो" ऐकलंय त्यांनी. तुझ्या तोंडून ऐकू दे. पत्र नको, पत्रात आपण दोघी फार हुशार होतो. जाऊन ये. पत्ता मागे लिहिलाय.

माफीचं नंतर बघू.

कमल

*

देवपूर, धुळे
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय कमल,

दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावला जाऊन आले. पॅसेंजरने गेले, दोन तास लागले. नाना छान आहेत, केस पिकले, पण पाठ ताठ. मला लगेच ओळखलं. चहा दिला. शेवचिवडा दिला. शाळेबद्दल, पगाराबद्दल, पाण्याच्या टंचाईबद्दल भरपूर बोलणं झालं. येताना अर्धा किलो पेढे ठेवून आले. भेट अगदी छान झाली.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यावर तुमच्या दवाखान्यात काही चांगलं मलम असेल तर कळव.

नर्मदा

*

(पोस्टकार्ड)

जळगाव, २७ नोव्हेंबर १९९६

नर्मदा, नानांचं पत्र आलं. लिहितात, "पाटलांची पोरगी येऊन गेली. पुष्कळ बोलली. सांगायला काय आली होती ते सांगून गेली नाही. पेढे कशाचे होते, तुला माहीत आहे का? तोवर तसेच ठेवलेत." गुडघ्याला शेक द्यायला सांग. पोस्टकार्ड मुद्दाम पाठवलंय, तुमच्या पोस्टमनलाही कळू दे.

कमल

*

देवपूर, धुळे
९ डिसेंबर १९९६

प्रिय कमल,

पोस्टमनने वाचलं. "बाई, पेढे खराब हुई जातीन," म्हणाला. तेव्हा काल रविवारी परत गेले.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी सांगते. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा नानांनी साखर विचारली, एकदा बाहेरून भंगारवाला ओरडला, तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तर मीच नळाच्या पाण्याचा विषय काढला. पावसाळा, पाटबंधारे खातं, सगळं बोलले. गाडीत बसल्यावर स्वतःला समजावलं, म्हाताऱ्या माणसाला सणासुदीला कशाला त्रास. लाकूड हातात घेऊन उभे राहिलेले काकासुद्धा तिथे नव्हते आणि तरी मी घाबरले. या वेळी भिण्याला निमित्तसुद्धा मिळालं नाही.

काल नाना दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "नाना, कमलने रोट मागितला नव्हता. मी खोटं बोलले. मार चुकवायला." एवढंच. जाताना गाडीत मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

नानांनी पेपरची घडी केली. परत उघडली, परत घडी केली. मला वाटलं रागावतील, मला ते हवंच होतं. त्यांनी विचारलं, "मंग तो रोट उना कथाइन?"

कुठून आला ते मी सांगितलं. मोठी माय पाणी प्यायला उठली तेव्हा सुपात दोन मुठी टाकल्या. घरातल्या माणसांच्या टाकतात तशाच, सव्वा-सव्वा.

"कोनाकोना नावन्या?"

"एक मनी. एक कमलनी."

मग म्हणाले, आणि हे मला नाही म्हणाले, रस्त्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे मांगेल नव्हताच. वाटा व्हता तो तिना." चष्मा काढला, पुसला, पण घातला नाही. मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि ते बरं झालं. थोड्या वेळाने म्हणाले, "माले कसाले माफी मांगस? पोरनं बारा वरीस मी ऐकं नही. ते मना खातावर." घरात गेले, पेढ्यांचा डबा आणला. बुरशी धरली होती. आम्ही दोघांनी मिळून तो मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकला.

चहा मागून घेतला मी. काल पहिल्यांदा कळलं, मागून घ्यायला किती धीर लागतो.

तू म्हणाली होतीस, माफीचं नंतर बघू. मी घाई करत नाही.

नर्मदा

*

जळगाव
२४ डिसेंबर १९९६

नर्मदा,

नाना गेल्या सोमवारी न कळवता दवाखान्यात आले. मला शोधायचं सोडून केसपेपर काढला आणि बाह्यरुग्णांच्या रांगेत उभे राहिले, पंचेचाळीस मिनिटं. मी सुया उकळत होते. नंबर आला तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "माले काई नही व्हयेल, त्या सिस्टरसंगे बोलनं शे." डॉक्टर नवीन आहेत, घाबरले.

व्हरांड्यात बाकावर बसलो. त्यांनी विचारलं, "तू हो कसाले म्हनी?" मी सांगितलं, तुम्ही तिला खोटारडी म्हणू नये म्हणून. ते म्हणाले, "येडी." मग, "तू मांगं नव्हतं. माले समजनं." दोनदा म्हणाले. बारा वर्षं मला वाटायचं की हे वाक्य ऐकलं की मी ढसाढसा रडेन, पदर तोंडाला लावेन. प्रत्यक्षात मी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. थोडं जास्त होतं.

दुपारी माझा डबा उघडला. वॉर्डातल्या एका म्हातारीने दिलेलं भरीत होतं त्यात. नानांनी भाकरी मोडली आणि खायला लागले. कोणी दिलं, ते विचारलं नाही. मी घास हातात धरून वाट बघत होते. त्यांनी विचारलंच नाही.

आता तुझं. मी तुला माफ केलेलं नाही. खोटं कशाला लिहू, ते तुझं खातं आहे. मुठीसाठी तू मला आवडतेस आणि पायरीसाठी नाही, आणि दोन्ही एकाच दिवशी झालं, त्याला मी काय करू? कधी जळगावला आलीस तर चहा पाजीन, मागायची गरज नाही.

एक काम मात्र सांगते. पुढच्या कानबाईला बेबी परत येऊन विचारेल, माझी मूठ कुठली. तिची मूठ टाक. सगळ्यांदेखत टाक, कोणी पाणी प्यायला उठायची वाट बघू नकोस. आणि कोणी विचारलं, ही जास्तीची मूठ कोणी टाकली, तर या वेळी स्वतःचं नाव सांग.

कमल